परदेशी पेढी आणि वाघोलीचा तरुण

वाघोली हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. लंडन, न्यूयॉर्क आणि झुरिक येथील बँकांच्या हद्दीत मात्र ते त्याच्या बरेच आधी जाऊन बसले होते. पिलाजीराव जाधवरावांचे नाव सांगणारे, वाघेश्वराच्या देवळामुळे आणि दगडाच्या खाणींमुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे हे नगर रस्त्यावरील गाव गेल्या वीस वर्षांत उंच इमारतींनी भरून गेले. ह्या इमारतींत राहणाऱ्या नोकरवर्गापैकी बराच मोठा भाग शेजारच्या खराडीस जातो, आणि तेथे बार्क्लेज, यूबीएस यांसारख्या परदेशी पेढ्यांची कामे करतो. कोणी कर्ज बुडण्याची शक्यता वर्तविणारी गणिते तपासतो, कोणी खातेदारांची केवायसीची कागदपत्रे चाळतो, कोणी दिवसभराच्या सौद्यांच्या नोंदी जुळवितो. लंडनचा दिवस उजाडेल त्या बेताने अनेकांचे काम दुपारी सुरू होते आणि रात्री उशिरा संपते. ज्या खातेदाराचा हिशेब तो तपासतो त्यास वाघोली हे नाव ठाऊक नसते. आणि पाण्याचा टँकर आज येणार की उद्या, ह्या वाघोलीच्या विवंचनेची लंडनला वार्ता नसते.

ह्या वर्गातील तरुणांच्या, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या आईवडिलांच्या, मनात आयुष्याचा एक क्रम पक्का बसलेला आहे. अभियांत्रिकीची किंवा सनदी लेखापालाची परीक्षा, त्यानंतर खराडीत तीन-चार वर्षे, आणि मग लंडन, सिंगापूर किंवा न्यू जर्सी. हा क्रम आता मोडत चालला आहे. तो कोणा एका राष्ट्राध्यक्षाच्या लहरीमुळे मोडत आहे, आणि ती लहर ओसरली की पुन्हा पूर्ववत् होईल, अशी जी समजूत आमच्या पांढरपेशा घरांतून पसरलेली दिसते, ती आम्हांस अर्धवट वाटते. गेल्या तीन वर्षांत तिन्ही दारांच्या चौकटी बदलल्या आहेत, आणि त्या निरनिराळ्या राज्यकर्त्यांनी निरनिराळ्या कारणांनी बदलल्या आहेत.

अमेरिकेची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, निदान तिचा आकडा ठाऊक आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीरनामा काढून एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा आकार बसविला. त्या दिवसांच्या भावाने ही रक्कम ८८ लाख रुपयांच्या घरात जाते; एवढ्या पैशांत वाघोलीत बऱ्यापैकी सदनिका मिळते. वर्षास ८५ हजार नवे परवाने ही ह्या योजनेची साधारण मर्यादा, आणि ज्यांचे अर्ज मंजूर होतात त्यांत भारतीयांचे प्रमाण दहांत सात, क्वचित् त्याहूनही जास्त. तेव्हा हा आकार आपल्यावर रोखलेला आहे असे वाटणे साहजिक होते. परंतु महिनाभरातच जो खुलासा झाला तो अधिक लक्षपूर्वक वाचावयास हवा होता. जो परदेशी इसम अमेरिकेत आधीच विद्यार्थी म्हणून राहत आहे आणि तेथल्या तेथेच परवाना बदलून मागतो, त्याला हा आकार लागू नाही. जो बाहेरून येऊ पाहतो त्याला लागू आहे. म्हणजे खराडीत पाच वर्षे उत्तम काम करून ज्याने आपली योग्यता सिद्ध केली आहे, त्याच्यासाठी दार बंद झाले; आणि कर्ज काढून तेथे पदवी घ्यावयास गेलेल्या, कामाचा अनुभव नसलेल्या मुलासाठी ते किलकिले राहिले. मग मुलास आधी शिकावयासच पाठवू, असे म्हणणाऱ्या पालकांनी आणखी एक नियम पाहावा. २०२५ च्या डिसेंबरात ठरविण्यात आलेल्या पद्धतीने परवान्यांच्या सोडतीत पगाराच्या पायरीप्रमाणे वजन दिले गेले : सर्वांत वरच्या पायरीवरील उमेदवाराची चिठ्ठी चार वेळा, सर्वांत खालच्या पायरीवरील उमेदवाराची एकदा. नवा पदवीधर कोणत्या पायरीवर असतो हे सांगावयास नको.

ब्रिटनने असा गाजावाजा केला नाही. आकडे तेवढे वाढवीत नेले. कुशल कामगाराच्या परवान्यासाठी वर्षास २६,२०० पौंड पगार पुरेसा होता, तो ४ एप्रिल २०२४ पासून ३८,७०० झाला आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७००. शिवाय त्या पदासाठी ठरविलेला दर ह्याहून अधिक असेल तर तो. वर माणशी वर्षास १,०३५ पौंड आरोग्याचा अधिभार. २०२५ च्या मे महिन्यातील श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्याचा हक्क मिळण्याची सर्वसाधारण मुदत पाचांवरून दहा वर्षांवर नेण्याची सूचना आली. त्याच वर्षी जुलैत भारत आणि ब्रिटन यांच्यात जो व्यापारी करार झाला, त्याने तात्पुरते कामास जाणाऱ्यांची सामाजिक सुरक्षेची दुहेरी वर्गणी तीन वर्षे वाचविण्याची तरतूद केली. सवलत खरी आहे. पण ती परवाना मिळालेल्यास आहे, परवाना मिळावा यासाठी नाही. आमच्या काही पुढाऱ्यांनी ह्या दोहोंतील फरक सभांतून फारसा स्पष्ट केला नाही.

सिंगापूरचे उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते, कारण तेथे सगळा व्यवहार उघड गणिताने चालतो. २०२३ च्या सप्टेंबरपासून तेथे नव्या परवान्यासाठी ‘कंपास’ नावाची गुणपद्धती सुरू झाली. पगार, पदवी, उमेदवाराच्या राष्ट्रीयत्वाचे त्या पेढीतील प्रमाण, आणि पेढीने स्थानिकांस दिलेले काम, अशी चार मुख्य कलमे. प्रत्येकास शून्य, दहा किंवा वीस गुण. उत्तीर्ण होण्यास चाळीस. यांतील तिसरे कलम पाहा. उमेदवाराच्या देशाचे लोक पेढीच्या वरच्या नोकरवर्गात शेकडा पाचांहून कमी असतील तर वीस गुण. शेकडा पंचवीस किंवा अधिक असतील तर शून्य. समजा, वाघोलीच्या एखाद्या मुलीस पगाराचे दहा, पदवीचे दहा आणि पेढीच्या स्थानिक भरतीचे दहा गुण मिळाले. ज्या बँकेच्या तंत्र विभागात भारतीयांची दाटी आहे तेथे तिची बेरीज तीसवर अडते, आणि तिच्याच पगाराची, तिच्याच पदवीची व्हिएतनामी मुलगी पन्नास गुण घेऊन आत जाते. ज्या पेढीत आपली माणसे अधिक, तेथे ओळखीने लवकर काम होईल, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा आडाखा. सिंगापुरात तो नेमका उलटा पडतो. याखेरीज बँका आणि वित्तव्यवसायासाठी किमान पगाराची अट इतर धंद्यांहून चढी : १ जानेवारी २०२५ पासून इतरांस महिना ५,६०० सिंगापुरी डॉलर, तर वित्तव्यवसायास ६,२००, आणि वयाबरोबर ही अट चढत पंचेचाळिशीच्या सुमारास ११,८०० पर्यंत जाते. भरतीपूर्वी चौदा दिवस ती जागा स्थानिकांसाठी जाहीर करावी लागते ते वेगळेच.

हे सारे अन्यायाचे आहे काय? आमचे मत तसे नाही. कोणत्याही देशास आपल्या घरच्या नोकऱ्या प्रथम आपल्या मुलांना द्याव्या असे वाटले, तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार निदान आपणांस तरी पोचत नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ हे ऑस्ट्रेलियातून आलेले बँकर होते. १९२६ साली इंपीरियल बँकेच्या मोठ्या पदावर ते हिंदुस्थानात आले आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँकेवर बसले. परदेशी बँकेत नोकरी शोधणारा व्यावसायिक म्हणतात तो हाच. ती जागा एका हिंदी माणसास मिळण्यास १९४३ चा ऑगस्ट उजाडावा लागला, आणि तो माणूस महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला चिंतामणराव देशमुख होता ह्याचा अभिमान महाराष्ट्रास आजही आहे. सोराबजी पोचखानवाला यांनी चार्टर्ड बँकेतील कारकुनीपासून सुरुवात केली आणि १९११ मध्ये सेंट्रल बँक काढली, तीही आपल्या माणसांची आपली बँक असावी ह्याच ईर्षेने. तेव्हा आपण जे मागत होतो तेच आज इतर देशांचे मध्यमवर्गीय मागत आहेत.

तथापि दुसऱ्याचा हक्क मान्य करणे निराळे आणि त्या हक्काचा तडाखा आपल्या मुलास कोठे बसेल हे न पाहणे निराळे. बँक हा इतर धंद्यांसारखा धंदा नाही. तो जनतेच्या पैशावर चालतो, सरकारी परवान्यावर चालतो, आणि बुडू लागला तर सरकारी तिजोरीतून वाचविला जातो. म्हणून देशावर आर्थिक संकट आले की लोकांचा राग प्रथम बँकांकडे वळतो आणि बँकेतील परदेशी माणूस प्रथम डोळ्यांवर येतो. लेहमन ब्रदर्स १५ सप्टेंबर २००८ रोजी कोसळली. पुढल्याच फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसने असा कायदा केला की, ज्या बँकांनी सरकारी मदत घेतली त्यांना एच-वन-बीवर नवा माणूस घेणे दोन वर्षे अतिशय अवघड व्हावे. बँक ऑफ अमेरिकेने परदेशी एमबीए पदवीधरांस देऊ केलेल्या नेमणुका मागे घेतल्या. ज्यांनी कर्ज काढून ती पदवी घेतली होती त्यांच्यात आमच्याकडील मुलेही होती. त्यांची चूक एवढीच की ती चुकीच्या वर्षी उत्तीर्ण झाली. आणि लक्षात ठेवावे की त्या वेळी अध्यक्ष ओबामा होते.

याहून जुना दाखला गोमंतकीयांच्या घराघरांत आहे. पूर्व आफ्रिकेत सरकारी कचेऱ्यांतून, रेल्वेत आणि बँकांतून हिशेब ठेवणारा विश्वासू कारकून म्हणजे गोवेकर, अशी दोन पिढ्यांची ख्याती होती. केनिया स्वतंत्र झाला, १९६७ मध्ये तेथे परवान्याचा कायदा झाला, आणि ज्यांनी केनियाचे नागरिकत्व घेतले नव्हते त्यांना आपल्याच खुर्चीवर बसण्यासाठी परवाना मागावा लागला. ब्रिटिश पासपोर्ट हाताशी आहे ह्या भरवशावर जे राहिले, त्यांच्यापुढे १९६८ च्या मार्चमध्ये ब्रिटननेही कायदा करून दार लोटून घेतले. त्या माणसांच्या कामात खोट नव्हती. कामात खोट नसणे हे परक्या देशात राहण्यास पुरेसे कारण कधीच नव्हते.

आता परवाना मिळालाच, तर परदेशी बँकेत आपल्या माणसास काम कोणते मिळते, हेही पाहू. कर्ज देणे म्हणजे माणूस ओळखणे. अमुक गल्लीतला दुकानदार पैसे बुडवील की नाही, हे तेथल्या माणसास कळते. आणि ठेवीदारही आपल्या भाषेत बोलणाऱ्याजवळ पैसे ठेवतो. म्हणून परदेशी व्यावसायिक बँकेत शिरतो तो बहुधा मागल्या दाराने : गणिताच्या, संगणकाच्या, जोखीममापनाच्या, लेखापरीक्षणाच्या. ही कामे कमी प्रतीची आहेत असे नाही. २००८ नंतर तर त्यांची प्रतिष्ठा वाढली आहे. पण ती कामे तारेवरून होऊ शकतात, आणि जे तारेवरून होते ते लंडनहून खराडीस येते तसे उद्या खराडीहून अन्यत्रही जाते. नागपूरचे विक्रम पंडित २००७ च्या अखेरीस सिटीग्रुपसारख्या अवाढव्य बँकेचे प्रमुख झाले, हे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. ते सोळाव्या वर्षीच अमेरिकेस गेले, तेथेच शिकले, कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी घेतली, तिशीत अनुभव घेऊन परवान्यावर आलेल्या माणसाशी त्यांची तुलना होत नाही. बाहेर जाऊ पाहणाऱ्याने एवढे मात्र ध्यानात घ्यावे की सीएफए आणि एफआरएम यांसारख्या परीक्षा देशाबाहेर ओळखल्या जातात. आपल्या सरकारी बँकेत बढतीसाठी दिलेली सीएआयआयबी तेथे कोणी विचारीत नाही.

आणि नोकरी गेली तर? नोकरी सुटल्यावर दुसरा मालक शोधण्यास अमेरिका बहुधा साठ दिवस देते, ब्रिटन नोटिशीनंतर साठ दिवस, सिंगापूर परवाना रद्द झाल्यावर तीस. एवढ्या अवधीत मुलांची शाळा, घराचा भाडेकरार, सामान आणि वाघोलीच्या सदनिकेचा हप्ता यांची व्यवस्था करावयाची असते. स्थानिक माणसास नोकरी गेल्याचे दुःख होते. परदेशीयास त्याबरोबर देशही सोडावा लागतो. १९ मार्च २०२३ च्या रविवारी यूबीएसने क्रेडिट स्विस विकत घेतल्याची घोषणा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक वर्षांची ती पेढी एका शनिवार-रविवारात संपली. एवढी जुनी पेढी अशी जाते, हे पाहिल्यावर नेमणूकपत्रावरील मोठ्या नावाच्या भरवशावर आईवडिलांनी निवृत्तीची पुंजी मोडावी काय, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ साली परदेशांतून भारतात आलेल्या रकमांत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के होता आणि त्या रकमा घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांनी पहिला होता. ह्या पैशावर कित्येक घरे उभी राहिली आहेत. पण आज जी वाट त्यातल्या त्यात मोकळी आहे ती खराडीतूनच जाते, हे फार थोड्यांस माहीत आहे. ज्या पेढीत आपण काम करतो तिच्याच परदेशी कचेरीत बदली घेणाऱ्यास अमेरिकेत एल-वन हा वेगळा परवाना असतो. मागील तीन वर्षांत सलग एक वर्ष त्या पेढीत काम झालेले असावे लागते, आणि एक लाख डॉलरचा तो आकार एल-वनवर बसविलेला नव्हता. ब्रिटनमध्येही अशा बदलीचा परवाना आहे. मात्र २०२५ च्या जुलैपासून त्यास ५२,५०० पौंडांचा पगार लागू लागला, आणि कायम वास्तव्याचा हक्क त्यातून मिळत नाही. म्हणजे जाऊन, शिकून परत यावे, अशीच ती रचना आहे. अशा बेताने जाणाऱ्याचा हिरमोड होणार नाही. शिवाय परवान्याचे जे शुल्क मालकाने भरावयाचे ते त्यानेच भरावे, असे तेथील कायदेही सांगतात. ब्रिटनमध्ये तर कौशल्यनिधीचा आकार कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी हे कलम वाचण्यास संकोच कसला?

जो दलाल परदेशी बँकेत लावून देतो म्हणून आठ-दहा लाख मागतो, त्याच्याविषयी एवढेच. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने अशा भरती-दलालास सरकारी नोंदणी आवश्यक केली आणि त्याखालील नियमांनी त्याच्या शुल्कास तीस हजार रुपयांची मर्यादा घातली. बँकॉकच्या विमानतळावर गाडी न्यावयास येईल, अशा आमिषाने गेलेली पाचशेहून अधिक भारतीय माणसे २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारच्या सीमेवरील फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटली आणि वायुदलाच्या विमानांनी परत आली. त्यांत संगणकाचे शिक्षण घेतलेले तरुण होते.

राहिला प्रश्न खराडीचा. तरुण बाहेर का जाऊ पाहतो, ह्याचे उत्तर केवळ पगार हे नव्हे. दहा वर्षे काम केलेल्या माणसाच्या लक्षात येते की आकडे आपण मांडतो आणि निर्णय दुसरीकडे होतो. २००८ च्या अरिष्टानंतर ब्रिटनने ७ मार्च २०१६ पासून बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांवर नावानिशी व्यक्तिगत जबाबदारी टाकली. ती सही करणारा अधिकारी साहजिकच लंडनला बसतो. मग वर चढावयाचे तर लंडनला गेलेच पाहिजे, आणि लंडनची वाट तर अरुंद होत चालली. २०२४ च्या सुमारास अशा केंद्रांची संख्या देशात सतराशेवर गेली होती आणि त्यांत एकोणीस लाख माणसे काम करीत होती, एवढे सांगून आमचे उद्योगखाते समाधान मानते. आपल्या राज्य सरकारने २०२५ साली ह्या केंद्रांसाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. त्या धोरणाखाली सवलत मागणाऱ्या प्रत्येक परदेशी बँकेच्या अर्जात आणखी एक रकाना घालावा, अशी आमची सूचना आहे : पुण्यात बसणाऱ्या आपल्या नोकरांपैकी किती जणांस कर्ज मंजूर अथवा नामंजूर करण्याचा, जोखमीची मर्यादा ठरविण्याचा, निदान लंडनचा प्रस्ताव परत पाठविण्याचा अधिकार आहे? पहिल्या वर्षी बहुतेकांचे उत्तर शून्य येईल. ते शून्य सरकारी कागदावर आले म्हणजे पुढल्या वर्षीची सवलत त्यावर बेतता येईल.